आडरस्त्यावर टायर बसला तर स्टेपनी कशी बदलावी

हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या आतल्या रस्त्यांवर पंक्चरवाला सहज सापडत नाही. त्यामुळे नाशिकहून निघतानाच स्टेपनीची हवा तपासा. आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. स्टेपनीची हवा बसून कमी होते, म्हणून दोन-तीन पीएसआय जास्तच ठेवा. एर्टिगा, इनोव्हाची स्टेपनी गाडीखाली टांगलेली असते. चिखलाने ती जाम होते, तेव्हा घरीच एकदा उतरवून बघा.

वाटेत गाडी एका बाजूला ओढू लागली तर करकचून ब्रेक मारू नका. हळूहळू कडक, सपाट जागेपर्यंत न्या. टायर खराब झाला तरी चालेल, घाटातल्या वळणावर थांबू नका. पावसाळ्यात साइडपट्टी भुसभुशीत असते, तिथे जॅक रुततो.

ट्यूबलेस टायरमध्ये बाभळीचा काटा किंवा खिळा रुतलेला असेल आणि हवा सावकाश जात असेल, तर तो उपटू नका. हवा भरून तसेच पंक्चरवाल्याकडे जा. टायर पूर्ण बसला असेल किंवा बाजूने फाटला असेल, तर मात्र स्टेपनीच.

पार्किंग लाइट (चारही इंडिकेटर एकदम लुकलुकणारे) लावा, माणसं उतरवा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका. एवढ्यावर विसंबू नका. मागचं चाक उचललं की हँडब्रेकची निम्मी पकड जाते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचं चाक उचललं की गिअर निरुपयोगी. म्हणून बदलायच्या चाकाच्या तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला उताराच्या बाजूने मोठा दगड लावाच.

चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-अर्धा आटा ढिले करा. उचलल्यावर जोर लावला की गाडी जॅकवरून घसरते. नट अडला तर पान्यावर पाय देऊन दाबा, उडी मारू नका. मुरुमावर जॅकखाली फळी ठेवा, दगड निसटतो. जॅक ठरलेल्या जागीच बसवा, बहुतेक गाड्यांत ती दाराखालच्या पट्टीतली खाच असते. काढलेलं चाक गाडीखाली सरकवा, म्हणजे जॅक सुटला तरी गाडी त्यावर टेकेल. हात किंवा डोकं खाली घालू नका.

स्टेपनी बसवताना नटांची निमुळती बाजू आत ठेवा. आधी हाताने फिरवा. चाक टेकल्यावर एक सोडून एक असे आवळा, ओळीने आवळले तर चाक तिरकं बसतं. स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा लहान असेल तर ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नका. तीस-चाळीस किलोमीटरनंतर पाना पुन्हा एकदा फिरवून घ्या.