खासगी विमान उडवताय? थकव्याच्या या चुका टाळा

विमान कंपनीच्या वैमानिकाला आठवड्यातून सलग 48 तासांची विश्रांती मिळायलाच हवी, असा डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) सुधारित नियम आहे. तिथं रोस्टर बनवणारं खातं असतं, नियम मोडला तर जाब विचारणारे असतात. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून रविवारी सकाळी चार सीटचं सेसना घेऊन निघणाऱ्या हौशी वैमानिकाला मात्र कधी झोपलास, काय खाल्लंस, हे विचारणारं कोणी नसतं. शनिवारी रात्री घरचं लग्न, दीड वाजता अंथरुणाला पाठ, साडेपाचला गजर. चूक विमानात बसण्याआधीच झालेली असते.

‘मला तर फ्रेश वाटतंय’

ही सगळ्यात मोठी चूक, कारण थकलेल्या माणसाला आपण किती थकलोय याचा अंदाजच येत नाही. 1997 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रयोगात असं दिसलं, की सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरते. 24 तासांनंतर ती 0.10 टक्क्यांच्या बरोबरीला जाते. दारू आणि उड्डाण यांच्यात आपल्याकडे 12 तासांचं अंतर सक्तीचं आहे आणि त्याबाबतीत सगळे दक्ष असतात. जागरणाची तपासणी कोणत्याच ब्रेथ अ‍ॅनालायझरवर होत नाही.

त्यामुळे ‘कसं वाटतंय’ हा प्रश्नच सोडून द्या आणि आकडे मांडा. गेल्या 24 तासांत किती झोपलो? 48 तासांत किती? आणि बहुतेकजण विसरतात तो तिसरा: परतीचं लँडिंग होईल तेव्हा मला जागं होऊन किती तास झालेले असतील? हे आदल्या संध्याकाळीच कागदावर लिहा आणि तो कागद बायकोच्या, भावाच्या, ज्याचं तुम्ही ऐकता त्याच्या हातात द्या. सहा तासांपेक्षा कमी झोप झाली तर उड्डाण नाही, असा माझा हिशेब. कुणाला तो फार कडक वाटेल, वाटू द्या.

डुलकी काढून लगेच सीटवर

22 मे 2010 च्या मंगळूर अपघातात 158 जण गेले. ते प्रवासी विमान होतं, खासगी नव्हे. पण कॅप्टन बराच वेळ झोपेत होते आणि जाग आल्यावरही झोपेची गुंगी पूर्ण उतरली नव्हती, हे चौकशीत पुढे आलेलं कारण आपल्यालाही लागू आहे. डुलकी काढायचीच तर वीसेक मिनिटांची, आणि त्यानंतर अर्धा तास चालणं-फिरणं, तोंड धुणं. गाडीत मागच्या सीटवर तासभर आडवं होऊन तसंच कॉकपिटकडे निघायचं नाही.

नागपूरच्या दुपारशी पैज

सावजी जेवण झालंय, दुपारचे दोन वाजलेत, मे महिना आहे. एप्रनवर (विमानं उभी करायच्या फरशीवर) उभ्या विमानाचा दरवाजा उघडला की आतली हवा अंगावर येते, सीटबेल्टचं बक्कल बोटांना चटका देतं. वर काचेतून ऊन सरळ मांडीवर. अशा वेळी अनेकजण पाणी मुद्दाम कमी पितात, कारण वर बाथरूम नाही. डोकं जड होतं, चिडचिड होते आणि आपण म्हणतो, ‘काही नाही होत भाऊ.’

विमानही त्याच वेळी दमलेलं असतं. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून हजारएक फूट उंच. पारा 45 अंशांवर गेला की डेन्सिटी अल्टिट्यूड सुमारे 4,900 फूट होते, म्हणजे इंजिन आणि पंख्याला तेवढ्या उंचीवरची विरळ हवा मिळते. (23 मे 2013 ला इथं 47.9 अंश नोंदले गेले होते, म्हणजे 45 हा काही अतिरेकी आकडा नाही.) गंमत अशी, की नागपूरची धावपट्टी 3,200 मीटरची असल्यामुळे ही सुस्ती लपून जाते. तेच वजन, तीच दुपार घेऊन चंद्रपूरजवळच्या मोरव्यासारख्या छोट्या धावपट्टीवर गेलात, की शेवटची झाडं अचानक जवळ दिसायला लागतात. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत उतरलेलं बरं. पाणी प्या, आणि लघवीसाठी वाटेत उतरायचा वेळ प्लॅनमध्येच धरा.

मुंबईचा सूर्य धरून नागपूरला येणं

आपल्याकडे सूर्यास्तानंतर व्हीएफआर (बाहेरचं डोळ्यांनी पाहून केलेल्या) उड्डाणाला, एटीसीनं (हवाई वाहतूक नियंत्रणानं) सूट दिलेली स्थानिक उड्डाणं वगळता, परवानगी नाही. जुहू ते नागपूर सुमारे 700 किलोमीटर, सेसना 172 ला साडेतीन तास. आणि नागपूर पूर्वेला असल्यानं इथं सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ 25 मिनिटं आधी मावळतो. मुंबईत मीटिंग लांबली, निघायला उशीर झाला, वाऱ्यानं साथ दिली नाही, की शेवटच्या तासात ‘आता काय, आलंच’ सुरू होतं. दमलेला माणूस, धूसर क्षितिज आणि घरी पोहोचायची घाई हे त्रिकूट भल्याभल्यांना भोवलंय. अमेरिकेच्या अध्यक्ष केनेडींचा मुलगा, हौशी वैमानिक जॉन एफ. केनेडी ज्युनिअर यांचा 16 जुलै 1999 चा अपघात रात्रीच्या धुरकट हवेत, समुद्रावर, दिशाभ्रमामुळे झाला. नागपूरच्या सूर्यास्ताच्या एक तास आधी चाकं जमिनीवर, हे धरून उलटा हिशेब करा आणि जुहूहून निघायची शेवटची वेळ ठरवून टाका.

सर्दीच्या गोळीचं पाकीट उलटून वाचा. क्लोरफेनिरामाइन हे झोप आणणारं औषध दिसलं तर त्या दिवशी उड्डाण नाही. चेकलिस्ट डोळ्यांनी वाचू नका, प्रत्येक नॉबला बोट लावून मोठ्यानं म्हणा. इंधन गेजवर न सोडता टाकीत डिपस्टिक घालून पाहा.

वर गेल्यावर थकवा जाणवला तर

खुणा ओळखा: उंची दोनशे फूट सरकलेली आपल्याला उशिरा दिसते, एटीसीला दोनदा ‘से अगेन’ म्हणावं लागतं, अल्टिमीटरची (उंची दाखवणाऱ्या यंत्राची) हवेच्या दाबाची सेटिंग बदलायची राहून जाते. दहा हेक्टोपास्कलची चूक म्हणजे जवळपास तीनशे फुटांचा फरक. यातलं काहीही दोनदा झालं, की पुढचा प्रवास रद्द. व्हेंट उघडा, पाणी प्या, विमान ट्रिम करा (हाताचा जोर न लावता सरळ उडेल असं) आणि एटीसीला सरळ सांगा की थकलोय, जवळच्या विमानतळावर उतरायचंय. लाजायचं कारण नाही. त्यांना हे आधी कळलेलं जास्त आवडतं. सर्किट (उतरण्याआधीची धावपट्टीभोवतीची फेरी) पूर्ण घ्या, शॉर्टकट मागू नका, अप्रोच बिघडला तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. जळगावला उतरलात तर विमान तिथं बांधा, मालकाला फोन करा आणि रात्रीच्या गाडीनं नागपूर गाठा.