ठोकळ्यांचं बोरीबंदर: या चुका टाळा

चाकरमानी ज्या स्टेशनातून कोकणकन्या पकडून गावी येतात, तेच स्टेशन लेगोच्या ठोकळ्यांतून गणपतीच्या आराशीत उभं करायचं, ही कल्पना झकास आहे. पण सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजेच जुनं बोरीबंदर) म्हटलं की सगळ्यांना आधी घुमट दिसतो, हात तिथंच लागतो आणि फसतं ते खाली. पहिल्याच दिवशी दोन प्रश्न विचारून ठेवा: हे उचलता येईल का, आणि मधूनच उघडता येईल का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल तर अजून एकही ठोकळा लावू नका.

माप न ठरवता सुरुवात

सगळ्यात महागडी चूक हीच. लेगोचा माणूस साधारण 4 सेंटीमीटर उंच. तो खऱ्या माणसाएवढा धरला तर प्रमाण 1:42 च्या आसपास येतं. या स्टेशनाचा मूळचा फलाट 330 फूट, म्हणजे सुमारे 100 मीटर. 1:42 ने तो भरतो 2.4 मीटर. त्यामागची 1200 फुटांची शेड धरली तर आणखी पावणेनऊ मीटर! ओटी ओलांडून तुम्ही थेट खळ्यात.

घरासाठी 1:125 बरं पडतं. तोच फलाट 80 सेंटीमीटरमध्ये बसतो. शिवाय एक गंमत जमते. घुमटावर उजव्या हातात मशाल आणि डाव्या हाताशी चाक घेतलेली ‘प्रगती’ची मूर्ती आहे, ती साधारण 5 मीटर उंच. 1:125 ने ती बरोबर 4 सेंटीमीटर होते, म्हणजे लेगोचा माणूस तिथं चपखल बसतो. 1:42 च्या मॉडेलवर मात्र तोच ठेवाल तर घुमट ओकाबोका दिसेल. तिथं 12 सेंटीमीटरची मूर्ती रचावी लागते.

रुळांचंही तेच. लेगोचे तयार रूळ 1:42 ला जवळपास जुळतात. 1:125 ला आपला 1676 मिलिमीटरचा ब्रॉडगेज साडेतेरा मिलिमीटरचा होतो, तयार रूळ त्याच्या जवळजवळ तिप्पट रुंद. गाडी इमारतीच्या डोक्यावर बसल्यासारखी दिसते. अशा वेळी दोन स्टड (ठोकळ्यावरची गोल बटणं) रुंदीचे रूळ प्लेटमधूनच, म्हणजे चपट्या ठोकळ्यांतूनच दाखवावेत आणि गाडी पळवायचा मोह सोडावा. ‘ह्यां बोरीबंदर, मगे गाडी खंय?’ असं कोणीतरी विचारणारच. विचारू दे.

काळाची खिचडी

16 एप्रिल 1853 ची ठाण्याची पहिली गाडी या इमारतीतून सुटलेली नाही. ती बोरीबंदरहून सुटली हे खरं, पण फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्याच्या या वास्तूचं काम सुरू झालं 1878 मध्ये. त्यामुळे दर्शनी भागावर ‘1853’ ची पाटी लावू नका. 1887 चं स्टेशन करायचं तर घड्याळाखाली राणी व्हिक्टोरियाचा पुतळा हवा आणि विजेच्या तारा नकोत, कारण इथून विजेवरची गाडी धावली 1925 मध्ये. आजचं करायचं तर पुतळ्याची जागा रिकामी ठेवा. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ दोन्ही काळांत चालतात. रंग पिवळसर दगडाचा, म्हणजे टॅन घ्या. पांढरा घेऊ नका, तो पुढे पिवळा पडतो तेव्हा डागाळल्यासारखा दिसतो.

पाया पातळ

लेगोची बेसप्लेट, म्हणजे सगळ्यात खालची पातळ फळी, वाकते. 32 स्टडची एक प्लेट 25.6 सेंटीमीटर, अशा चार प्लेट नुसत्या शेजारी ठेवून वर भिंत चढवली की उचलताना मधोमध तडा जातो. वजनाचा अंदाज घ्या: आठ स्टडचा नेहमीचा ठोकळा सव्वादोन ग्रॅमच्या पुढे, म्हणजे असे 10,000 ठोकळे तेवीस किलो. खाली प्लायवुड हवंच, आणि कोकणात ते साधं कमर्शियल नको. आषाढात ते फुगतं, थर सुटतात आणि वरची भिंत तिरकी होते. आयएस 710 दर्जाचं, म्हणजे मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडांनाही रंग द्या.

फळी मात्र एकसंध ठेवू नका. मधला घुमटाचा भाग आणि दोन बाजूंचे दोन, असे तीन तुकडे करून लेगो टेक्निकच्या जोडपिनांनी जोडा. त्याआधी माजघराच्या दाराची रुंदी मोजा. जुन्या घरांत दार अरुंद असतं, उंबरा उंच असतो, आणि मॉडेल दोघांनी धरून आडवंच न्यावं लागतं.

सांध्यावर सांधा

चिऱ्याची भिंत रचताना गवंडी सांधा मोडतो, तोच नियम इथंही. घाईत एकाच मापाचे ठोकळे एकावर एक लावले की भिंत पत्त्यासारखी उघडते. कमानींच्या रांगांवर दर काही थरांनी एक लांब प्लेट आडवी फिरवा. स्वस्त ठोकळे वापरायचे तर आतल्या, न दिसणाऱ्या भागात वापरा. त्यांच्या मापात केसभर फरक असतो. एका ठोकळ्यात तो कळत नाही, लांब भिंतीत साठत जातो आणि शेवटचा ठोकळा बसत नाही. तो ठोकून बसवू नका. मागे जाऊन फुगलेला ठोकळा शोधा.

घुमट बसत नाही

घुमट अष्टकोनी आहे आणि लेगो चौकटीत चालतं, तिरक्या बाजू नेमक्या स्टडवर येत नाहीत. यावर हिशेबाचा तोडगा आहे. बाजू 7 स्टड आणि कोपऱ्याचा काप 5 धरा. 5 बाय 5 चा कर्ण 7.07 येतो, फरक अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर, तो लेगोची बिजागरी (वळणारा जोड-ठोकळा) सहन करते. एकूण रुंदी 17 स्टड. मोजमाप बिजागरीच्या आसापासून आसापर्यंत घ्यायचं, ठोकळ्याच्या कडेपासून नाही. बहुतेकांचं गाडं इथंच अडतं. आणि घुमट कायमचा घट्ट बसवू नका. चार स्टडवर टेकवा, म्हणजे आतला दिवा गेला तर झाकणासारखा उचलता येईल.

गोंद लावूच नका. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने प्लास्टिकवर पांढरट थर धरतो, आणि नेलपॉलिश रिमूव्हरने तो काढायला गेलात तर ठोकळाच विरघळतो.

दिवे लागत नाहीत

आधी वायर बघा. दोन ठोकळ्यांत दाबलेली वायर आतून तुटते, बाहेरून धड दिसते. भिंतीत एका स्टडची उभी खाच सोडली की हा प्रश्न येत नाही. वायर ठीक असेल तर सेलच्या डब्यातली पत्री पाहा. खाऱ्या हवेत तिच्यावर हिरवट थर चढतो. बारीक पॉलिश पेपरने घासा.

मूर्तीशेजारी मांडताना

माटवीच्या, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधलेल्या लाकडी चौकटीच्या बरोबर खाली मॉडेल ठेवू नका. बांधलेलं कवंडळाचं फळ सुटलं तर नेमकं मनोऱ्यावर येतं. समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर टॅन रंगावर चिकट थर धरतात, हातभर अंतर ठेवा. गुलाल स्टडच्या फटीत गेला तर आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडा. पाणी लावलंत की रंग पसरतो. धुवायचंच असेल तर कोमट पाणी, 40 अंशांच्या आत, आणि मग पंख्याखाली नीट वाळवणं. ठोकळ्याच्या पोटातलं पाणी पावसाळ्यात दोन दिवससुद्धा राहतं.

विसर्जनानंतर सेल काढा. तुकडे माळ्यावर ठेवायचे तर झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात. पुठ्ठ्याच्या खोक्याला बुरशी येते आणि उंदीर ते कुरतडतात. डब्यावर बाहेरून ‘डावी बाजू, खालचा मजला’ असं मार्करने लिहा आणि पिना त्याच डब्यात वेगळ्या पिशवीत बांधून टाका.