ब्युटेनचा ऑक्सिजन जुळेना तेव्हा

वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमच्या शेजारची दहावीतली मुलगी रासायनिक समीकरणं संतुलित करायचा, म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू जुळवायचा, गृहपाठ घेऊन येते. समीकरण अडलं की ती पाण्याच्या सूत्रातलाच आकडा बदलायची. पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं तरी बाईसाहेब खूश! मग प्रत्येक सूत्राभोवती पेनाने चौकट आखायला लावली. आत हात लावायचा नाही, आकडा फक्त चौकटीच्या डावीकडे.

ब्युटेन (C₄H₁₀) हा वायू ऑक्सिजनमध्ये जळतो त्याचं समीकरण घ्या. आधी कार्बन जुळवायचा, मग हायड्रोजन. ऑक्सिजन शेवटी, कारण तो डावीकडे सुटा असतो. एका ब्युटेनमागे कार्बन डायऑक्साइड ४, पाणी ५. म्हणजे ऑक्सिजनचे अणू १३, रेणू साडेसहा. इथेच मुलं खोडरबर काढतात. साडेसहा खुशाल लिहू द्यावं, मग सगळंच दुप्पट: ब्युटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८, पाणी १०. दोन्हीकडे ऑक्सिजनचे अणू २६.

प्रोपेन तिने एकटीने सोडवलं. त्यात अपूर्णांक येत नाही, म्हणून जरा हिरमुसलीच.