नोव्हेंबरसाठी मृतांच्या नावांची वही कशी करायची

शरदातला ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा महिना, माणसं चर्चमध्ये जपमाळेला येतातच, तर वही तेव्हाच दाराशी टेबलावर ठेवा. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण आणि २ ला सगळ्या मृतांसाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), तोपर्यंत नावं लिहून व्हायला हवीत. पेन दोऱ्याने वहीलाच बांधा, अक्षर मोठं काढा, वाचणारा अडखळला की घरच्यांना लागतं.

ज्यांना नीट दिसत नाही अशा आजींजवळ बसून विचारा, घाई करू नका हं, त्या थांबतात, डोळे पुसतात आणि मग हळूच नवऱ्याचं नाव सांगतात, मला तर वाटतं खरी प्रार्थना तिथेच सुरू होते. ज्यांचं कुणीच उरलं नाही त्यांच्यासाठी एक ओळ आवर्जून ठेवा.

१ ते ८ नोव्हेंबरमध्ये एक दिवस सगळ्यांनी मिळून दफनभूमीत जायचं ठरवा, या आठवड्यातल्या तिथल्या प्रार्थनेला चर्चने खास कृपा जोडलीये, त्यासाठी लागणाऱ्या कन्फेशन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) आणि कम्युनियनची (मिस्सात पवित्र भाकर घेणं) आठवण मात्र आधीच करून द्या.

वही महिनाभर वेदीजवळ राहू दे. ख्रिस्तराजाच्या सणानंतर आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आठवडे, लागला, चार मेणबत्त्यांचं चक्र आलं, की ती कपाटात जपून ठेवा.