कॉर्ड बदलली की मुक्काम बदलतो: गिटारवर उपज करायला शिकताना

सांगली-मिरजेकडच्या गिटारवाल्याचा कान बहुधा तानपुऱ्यावर तयार झालेला असतो. सतारमेकर गल्ली हाकेच्या अंतरावर, घरात नाही तर शेजारी पेटी. त्यामुळे सरगम तोंडात असते, सूर पक्का असतो, आणि अडचणही नेमकी तिथेच येते. रागात सा हलत नाही, कुठेही फिरून आलं तरी मुक्काम त्याच घरी. कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटावर) उपज करताना, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवताना, दर कॉर्डला मुक्कामाचं घर बदलतं. हे हाताला कळेपर्यंत वाजवलेलं सगळं सुरात असूनही 'लागत' नाही.

चार कॉर्ड घ्या: जी, ई मायनर, सी, डी. जी म्हणजे सा धरा. आता कॉर्डचे सूर सरगममध्ये असे पडतात: जी म्हणजे सा-ग-प, ई मायनर म्हणजे ध-सा-ग, सी म्हणजे म-ध-सा, डी म्हणजे प-नि-रे. गिटार हातात न घेता हे चार गट आठवडाभर गा. कंटाळवाणं आहे, पण हे टाळलं की पुढे बोटं चालतात आणि डोकं मागे राहतं.

मग कहरवा ताल लावा, मिनिटाला ८० मात्रा. एका आवर्तनाला, म्हणजे ८ मात्रांना, एक कॉर्ड. चारही कॉर्डचा फेरा २४ सेकंदांत पुरा होतो. मोबाइलवर दहा मिनिटं स्वतःच रेकॉर्ड करा. समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) कॉर्डचा खालचा सूर ठळक आणि बाकी हलकं स्ट्रमिंग. इथे भरगच्च वाजवलंत तर वर उपज करायला जागाच उरत नाही.

डाव्या हाताची तर्जनीपासून करंगळीपर्यंतची चार बोटं दुसऱ्या ते पाचव्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांमधल्या घरांत) ठेवा, बोटाला एक फ्रेट. या जागेत भूप राग आयता मिळतो: सहाव्या (सगळ्यात जाड) तारेवर ३ आणि ५, पाचवीवर २ आणि ५, चौथीवर २ आणि ५, तिसरीवर २ आणि ४, दुसरीवर ३ आणि ५, पहिलीवर पुन्हा ३ आणि ५. बहुतेक जण इथेच थांबतात. भूपात म आणि नि नाहीत, त्यामुळे चारही कॉर्डवर तो फारसा टोचत नाही. पण कॉर्ड बदलली हेही त्यातून कळत नाही. सुरक्षित, आणि जरा गुळगुळीत.

म्हणून आधी फक्त मुक्काम पाठ करा. समेवर एकच सूर, बाकी ७ मात्रा गप्प:

जीवर ग (तिसरी तार, ४)
ई मायनरवर सा (चौथी तार, ५)
सीवर ध (चौथी तार, २)
डीवर नि (चौथी तार, ४)

हे प्रत्येक कॉर्डचे तिसरे सूर आहेत. मेजर की मायनर हे तेच ठरवतात, म्हणून एकटा सूर वाजवला तरी कॉर्डचा रंग दिसतो. मागची कॉर्ड बंद करून हे चार सूर वाजवा. कॉर्ड मनात ऐकू आल्या, तर काम झालं.

आता डीवरून जीवर येताना मधली जागा भरा. डीच्या आठ मात्रा: नि, दोन मात्रा तसाच धरलेला, मग रे ग रे ध नि, आणि पुढच्या समेला सा. तारांवर: चौथी ४, थांबा, तिसरी २, तिसरी ४, तिसरी २, चौथी २, चौथी ४, आणि समेला चौथी ५. शेवटची नि-सा ही एका फ्रेटची उडी. गंमत सगळी तिच्यात आहे. आठव्या मात्रेला शेजारच्या सुरावर पोहोचायचं आणि समेला घरात शिरायचं, ही युक्ती बाकी कॉर्डनाही लावून बघा.

चुका साधारण दोनच जागी होतात. डी चालू असताना सवयीने सावर येऊन बसणं ही पहिली. डीमध्ये नि आहे, सा त्याला अर्ध्या सुराने घासतो. जीवर म धरून ठेवणं ही दुसरी. तो तिथल्या गला घासतो. जाताजाता लागला तर चालतं, थांबलात की खटकतं. आणि चुकून थांबलातच तर घाबरून उडी मारू नका, एक फ्रेट खाली सरका. दोन्ही वेळा सुटका तिथेच आहे.

मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) हवी असेल तर अकूस्टिकवर तार ओढण्याच्या नादी लागू नका. बारा गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) सेटमध्ये तिसरी तार सहसा गुंडाळलेली असते, ती पूर्ण स्वर ओढताना बोट सोलवटतं आणि सूर अर्ध्यात राहतो. तिसरीवर २ वरून ४ पर्यंत घसरत जा, रे-ग मींड तीच.

भजनात पेटीसोबत वाजवायचं तर काळी चारला (पेटीची चौथी काळी पट्टी सा धरली तर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर, काळी पाचला तिसऱ्या, काळी एकला सहाव्या. सगळे फ्रेट-आकडे कॅपोपासून मोजा, सरगम तीच राहते. कॅपोने तारा थोड्या चढतात आणि बऱ्याच पेट्या ट्यूनरच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला जुळत नाहीत. तेव्हा आधी कॅपो लावा, मग ट्यूनर बाजूला ठेवून पेटीच्या सालाच तारा जुळवा.