पॅड नवे, ऑइल नवं, तरी पुढचा ब्रेक स्पंजासारखा

बाइकचे पुढचे ब्रेक पॅड बदलले, ब्रेक ऑइलही नवं भरलं, तरी लिव्हर दाबला की पार ग्रिपपर्यंत. वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये अशी गाडी काढणं म्हणजे जिवाशी खेळ. चाकाजवळच्या कॅलिपरच्या (पॅड दाबणारा भाग) निपलमधून ब्लीडिंग केलं, म्हणजे ऑइलसोबत आतली हवा काढायचा प्रयत्न केला, नळीत एकही बुडबुडा नाही, पण लिव्हर तसाच मऊ.

हवा अडकली होती वर, हँडलवरच्या मास्टर सिलेंडरच्या (लिव्हर दाबला की ऑइल ढकलणारा भाग) बॅन्जो बोल्टपाशी, म्हणजे ब्रेकची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी. ती जागा सगळ्यात उंच. ऑइल खाली ढकललं तरी हवा वरच चढते, म्हणून खालच्या निपलमधून ती निघत नाही. बोल्टभोवती फडकं गुंडाळलं, लिव्हर दाबून धरला आणि बोल्ट अगदी किंचित सैल केला. फस्स करून फेसाळ ऑइल आलं. लिव्हर सोडायच्या आधी बोल्ट घट्ट करायचाच, नाहीतर हवा परत आत जाते. ऑइल पेट्रोलच्या टाकीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उडतो.

उरलेल्या बारीक बुडबुड्यांसाठी रात्रभर लिव्हर ग्रिपला पट्ट्याने बांधून ठेवला. सकाळी लिव्हर कडक.

कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनाही साफ करून त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावा, त्या जाम असल्या तरी लिव्हर मऊ लागतो. ऑइल मास्टर सिलेंडरच्या झाकणावर लिहिलेलंच भरा, माझ्या गाडीला डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) लागतं. आणि उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नका. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, मग त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, आणि आपल्या नागपूरच्या उन्हात ते परवडणारं नाही.