क्योतोतली देवळं, बागा आणि जंगलवाट : या चुका टाळा

जपानमधल्या क्योतोला येणाऱ्या आपल्या मंडळींची सगळ्यात मोठी चूक विमानात बसण्याआधीच झालेली असते. वेळापत्रकात एका दिवसाखाली सहा-सात देवळांची नावं असतात: सकाळी किन्काकुजी, मग र्‍योआन्जी, दुपारी कियोमिझु, संध्याकाळी फुशिमी इनारी, मधे वेळ उरला तर बांबूचं बन. नकाशावर सगळं एकाच शहरात दिसतं म्हणून जमेल असं वाटतं. पण किन्काकुजी शहराच्या वायव्येला आहे आणि फुशिमी इनारी आग्नेयेला. किन्काकुजीहून कियोमिझुला बसने एरवी पाऊण तास लागतो. नोव्हेंबरात पानं लाल झाली की त्याच रस्त्यावर बस मुंगीच्या पावलाने सरकते. सात ठिकाणं लिहून आणलेल्या माणसाचा निम्मा दिवस बसच्या दांड्याला लोंबकळण्यात जातो आणि उरलेला निम्मा तिकिटाच्या रांगेत.

दिवसाला तीन ठिकाणं, तीही एकमेकांना चालत जोडलेली, यापेक्षा जास्त कुणी सांगितली तर त्या गाइडला पैसे देऊ नका. पूर्वेच्या डोंगराच्या पायथ्याचा रस्ता यासाठी उत्तम. सकाळी गिन्काकुजी (किन्काकुजी नव्हे, हे वेगळं देऊळ) उघडतं त्या वेळी दारात हजर राहायचं. मार्च ते नोव्हेंबर साडेआठ, डिसेंबर ते फेब्रुवारी नऊ. आत शिरल्यावर वाळूच्या त्या उंच शंकूपाशी बहुतेक जण घोटाळतात आणि मागच्या टेकडीवर चढायचं राहून जातं. आधी टेकडी चढा, शेवाळाची बाग आणि शहर वरून पाहा, मग खाली या. तिथून दहा मिनिटांवर होनेन-इनचं देऊळ. गवताने शाकारलेल्या दाराच्या आत वाटेच्या दोन्ही बाजूंना वाळूचे चपटे ओटे असतात आणि त्यांवर ऋतूप्रमाणे नक्षी बदलते. पुढे कालव्याकाठची, तत्त्वज्ञ निशिदा कितारोंच्या फिरण्यामुळे नाव पडलेली दोन किलोमीटरची वाट आणि शेवटी नान्झेन्जीचं देऊळ. तिथला 1628 चा लाकडी महादरवाजा आणि त्याच आवारातून जाणारा 1888 चा, कालव्याचं पाणी नेणारा विटांचा पूल दोन्ही पाहायचे. सगळं मिळून चार-पाच किलोमीटर होतं. धावत गेलात तर दोन तासांत संपेल, पण त्याला दुपारी तीनपर्यंत वेळ द्या.

र्‍योआन्जीचं सांगायलाच हवं, कारण घाई तिथे सगळ्यात उघडी पडते. सुमारे 25 मीटर लांब, 10 मीटर रुंद खडीचं अंगण, त्यात 15 दगड, आणि ओसरीवर कुठेही बसा, एक तरी दगड दुसऱ्याआड जातोच. लोक येतात, उभ्याउभ्या मोजतात, चौदा भरले की फोटो काढतात आणि निघतात. चार मिनिटंसुद्धा होत नाहीत. तिथे बसायचं असतं. डाव्या टोकाला दहा मिनिटं, मग उठून उजव्या टोकाला दहा मिनिटं. दगडांचे गट एकमेकांपासून कसे सुटतात आणि पुन्हा कसे जवळ येतात ते जागा बदलल्याशिवाय दिसत नाही. मागची मातीची भिंतही बघा. मातीतलं तेल बाहेर येऊन तिच्यावर उमटलेले डाग हे त्या बागेचं अर्धं चित्र आहे.

वेळेबद्दल एकच लक्षात ठेवा: पाटीवर पाच लिहिलं असेल तर तिकीट बऱ्याच ठिकाणी साडेचारलाच बंद होतं. हात जोडून विनवण्या केल्याने खिडकी उघडत नाही, आणि तसं करूही नये.

दोरी बांधलेला दगड

बागेत वाटेच्या मधोमध मुठीएवढा गोल दगड ठेवलेला दिसेल. त्याला काळी काथ्यासारखी दोरी उभी-आडवी गुंडाळलेली असते आणि वर गाठीचं छोटं कान असतं, उचलायला सोपं जावं म्हणून. याला सेकिमोरि-इशी म्हणतात. अर्थ सरळ: इथून पुढे जायचं नाही. ना पाटी, ना साखळी, ना रखवालदार. जपानी माणूस तो पाहून वळतो. आपल्याकडचे लोक तो ओलांडतात, मुलं उचलून खेळतात, काही जण फोटोत नको म्हणून पायाने बाजूला सारतात. गाइड पुढे बोलत असतो, त्याला पत्ता नसतो, आणि मागचे पाच जण त्या वाटेने चहाघराच्या खासगी अंगणात पोचलेले असतात. हलवलेला दगड दिसला तर आपल्या हाताने ‘नीट’ करू नका. माळ्याला किंवा तिकीट खिडकीवरच्या माणसाला दाखवा. तो कुठल्या वाटेसाठी ठेवला होता ते त्यालाच माहीत असतं.

शेवाळाची गोष्ट याहून गंभीर. शेवाळाला खरी मुळं नसतात. केसासारख्या धाग्यांनी ते मातीला नुसतं चिकटलेलं असतं. टाच फिरली की पट्टीच्या पट्टी सालीसारखी निघते आणि ती जागा भरून यायला वर्षं जातात. माळी तिथे गुडघ्यावर बसून हाताने गवत उपटतात, मऊ झाडूने एकेक पान काढतात. ‘फोटोसाठी एकच पाऊल’ टाकणारा दिवसाला एक नसतो, शंभर असतात. पाऊल फक्त दगडी पायरीवर, आणि ट्रायपॉड खोलीतच ठेवा, बहुतेक देवळांत चालत नाही.

ज्यांना शेवाळच पाहायचं आहे त्यांनी साइहोजी या देवळाचं आगाऊ आरक्षण करावं. तिथे सुमारे 120 प्रकारचं शेवाळ आहे. 1977 पासून आरक्षणाशिवाय प्रवेश नाही, आता ते ऑनलाइनही होतं. बागेआधी बौद्ध सूत्र लिहायला बसवतात. कागदावर फिकट अक्षरं असतात, त्यांवरून कुंचला फिरवायचा, लिपी येण्याची गरज नाही. ‘हे टाळून थेट बागेत जाता येईल का’ हा प्रश्न विचारू नका. अर्धा तास हात सावकाश चालवल्यावर बागेत पाय आपोआप सावकाश पडतात, आणि त्याच चालीने ती बाग पाहायची असते.

अजून एक. पाऊस टाळून येऊ नका. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत क्योतोत पावसाळा असतो आणि शेवाळ तेव्हाच खरं हिरवं होतं. कोकणातला जुलै पाहिलेल्या माणसाला हा पाऊस जड जाणार नाही. गर्दीही कमी असते. छत्री आणा, पण ओसरीवर ती ठिबकत नेऊ नका, दारातल्या स्टँडला लावा.

कुरामा ते किबुने : उशिरा निघू नका

क्योतोतल्या देमाचियानागी स्टेशनहून छोट्या रेल्वेने अर्ध्या तासात कुरामा हे डोंगरातलं गाव. देऊळ चढायचं, मागच्या जपानी देवदारांच्या जंगलातून डोंगर ओलांडायचा आणि पलीकडे किबुने गावात उतरायचं. दीड-दोन तासांची वाट, म्हणून लोक ती दिवसाच्या शेवटी ठेवतात. इथेच घोटाळा होतो.

एका ग्रुपचं नोव्हेंबरच्या शेवटी असंच झालं. सकाळी ठरल्यापेक्षा एक देऊळ जास्त पाहिलं, जेवण लांबलं आणि कुरामाच्या दारात पोचायला तीन वाजले. गाइडने उद्यावर ढकलू म्हटलं, पण तिकिटं काढली आहेत, पुन्हा कधी येणार, अशी भुणभुण सुरू झाली आणि तो नमला. क्योतोत तेव्हा पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि दाट झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच पाय कुठे पडतोय ते दिसेनासं होतं. वरचं मुख्य देऊळ होईपर्यंत चार वाजून गेले. किनोने-मिचीवर, जिथे झाडांची मुळं जमिनीवर जाळ्यासारखी पसरली आहेत, तिथे अंधारून आलं. टॉर्च कुणाकडेच नव्हता. मोबाइल दिवसभर फोटो काढून निम्म्यावर. चामड्याच्या गुळगुळीत चपला घातलेल्या काकांचा पाय ओल्या मुळावरून घसरला आणि घोटा मुरगळला. त्यांना दोन्ही बाजूंनी धरून उतरवताना तासाची वाट अडीच तासांची झाली. खाली किबुनेत पोचल्यावरही स्टेशन सुमारे दोन किलोमीटर लांब असतं, हे त्यांना तिथे कळलं.

म्हणून कुरामा सकाळीच. नऊ-दहाला चढायला लागा, जेवायला किबुनेत पोचा. मे ते सप्टेंबर तिथे नदीवर मांडलेल्या लाकडी ओट्यांवर जेवण मिळतं. दिशा हीच ठेवा, उलट आलात तर किबुनेकडून उभी चढण लागते. पायात खाच असलेले बूट, प्रत्येकाच्या खिशात स्वतंत्र टॉर्च. मुळांवर पाय देऊ नका, मधल्या जागेत ठेवा. तिथे खाली कठीण खडक असल्याने मुळं आत जाऊ शकत नाहीत, वरच पसरतात आणि पायांनी सोलली जातात. बारा वाजून गेले असतील तर जंगल सोडा: देऊळ पाहा, त्याच रस्त्याने परत या. जोराच्या पावसानंतर वाट उघडी आहे का ते आधी विचारा. 2018 च्या वादळात इथली असंख्य झाडं आडवी झाली, आणि जुलै 2020 च्या दरडीने या रेल्वेचा कुरामाकडचा भाग सप्टेंबर 2021 पर्यंत बंद होता. उन्हाळ्याच्या शेवटी काळे कपडे आणि अत्तर नको, मोठ्या गांधीलमाश्या त्याकडे येतात.

कुरामात थांबून पाहण्यासारखी एक गोष्ट: दारात नेहमीच्या सिंहांऐवजी वाघ आहेत. तिथला बिशामोन्तेन म्हणजे आपला वैश्रवण, कुबेर. ही ओळख गाइडने सांगितली नाही तर तुम्ही विचारा.

पण ओळख निघाली म्हणून आपल्या देवळातल्या सवयी तिथे नेऊ नयेत. मूर्तीला हात लावायचा नाही, नारळ-प्रसाद ठेवायचा नाही, मोठी घंटा विचारल्याशिवाय वाजवायची नाही. टाळ्या फक्त शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवस्थानात: दोनदा वाकून, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकून. बौद्ध देवळात टाळी नाही, नुसते हात जोडायचे. उंबऱ्यावर पाय देत नाहीत, हे तुम्हाला आजीने शिकवलेलंच आहे.

नाडीचे बूट घालून येणारे रांग अडवतात. दिवसात पाच-सहा वेळा बूट काढावे लागतात, सरकवून घालता येणारे आणा. तातामीवर, म्हणजे खोलीतल्या गवती चटयांवर, सपातासुद्धा नको. शौचालयातल्या सपाता तिथेच सोडा. थंडीत लाकडी फरशी बर्फासारखी असते, जाड मोज्यांचा एक जोड पिशवीत हवाच.

शाकाहारी मंडळींनी ‘मांस नको’ एवढंच सांगून भागत नाही. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, भाजीवरचं पाणी, सगळ्यात बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. नान्झेन्जीजवळ मिळणाऱ्या युदोफूचं टोफू समुद्री वनस्पतीच्या पाण्यात उकळतात, पण सोबतच्या सॉसमध्ये मासा असू शकतो. देवळातलं शाकाहारी जेवण, शोजिन र्‍योरी हे खरं उत्तर. त्यात कांदा-लसूणही नसतो. मात्र ते आधी सांगून ठेवावं लागतं, सकाळी फोन करून दुपारी मिळत नाही.

गाइड ठरवताना पैसे भरण्याआधी विचारा: ग्रुपमध्ये किती जण, किती ठिकाणं, प्रवेशशुल्क धरलंय का, पाऊस आला तर वाट कोणती. आठपेक्षा जास्त माणसं असतील तर मागच्याला काही ऐकू येत नाही. सभामंडपात प्रश्न विचारू नका, बाहेर पायरीवर विचारा. आणि रोकड जवळ ठेवा, सुटी नाणी जास्त. दानपेटी, देवळांचे शिक्के जमवायच्या वहीवरचा शिक्का आणि छोट्या बागांचं तिकीट यांना कार्ड चालेलच असं नाही.